कर्जबाजारी रसिक : फ्रँक लॉइड राइट

१९२७ सालच्या जानेवारीची ६ आणि ७ तारीख. न्यूयॉर्क शहरातील पार्क अ‍ॅव्हेन्यूवर अँडरसन गॅलरीज नावाचे एक प्रसिद्ध लिलावगृह होते. तिथे हे दोन दिवस जपानी चित्रांचा लिलाव चालला होता. लाकडी ठशांवरून हातकागदावर छापलेली ती चित्रे. सूचीत एकूण ३४६ नग होते. विकत घेणाऱ्यांना मालक कोण ते ठाऊक होते, कारण सूचीच्या शीर्षकातच त्याचे नाव छापलेले होते : फ्रँक लॉइड राइट. अमेरिकेतला नामांकित वास्तुशिल्पज्ञ. वय एकोणसाठ. त्याने ही चित्रे हौसेने विकायला काढलेली नव्हती. विस्कॉन्सिन राज्यातले त्याचे घर बँकेकडे गहाण पडले होते आणि देणे फेडायला त्याच्यापाशी चित्रांखेरीज दुसरे काही उरले नव्हते.

राइटला जग ओळखते ते त्याच्या इमारतींमुळे. धबधब्यावर बांधलेले घर, न्यूयॉर्कचे गोगलगाईच्या शंखासारखे गुगेनहाइम संग्रहालय, ही नावे वास्तुकला न शिकलेल्यांच्याही कानांवर आलेली असतात. पण या माणसाचे आणखी एक आयुष्य होते. तो जवळजवळ साठ वर्षे जपानी ठसाचित्रे गोळा करीत होता, विकीत होता, गहाण टाकीत होता आणि पुन्हा गोळा करीत होता. त्याच्या थोरपणाची गोष्ट पुष्कळांनी सांगितली आहे. मला या दुसऱ्या आयुष्याची ओढ वाटते, आणि खरे सांगायचे तर थोडा रागही येतो.

राइटचा जन्म ८ जून १८६७ रोजी विस्कॉन्सिनमधील रिचलँड सेंटर या छोट्या गावी झाला. (पुढे तो आपले जन्मसाल १८६९ सांगत असे. दोन वर्षे लपवण्यात त्याला काय मिळाले कोण जाणे!) वडील धर्मोपदेशक व संगीतज्ञ. ते घर सोडून गेले. आई अ‍ॅना हिने मुलगा वास्तुशिल्पीच होणार असे मनाशी धरलेले होते. विशीत तो शिकागोला आला. आधी जोसेफ सिल्सबी यांच्याकडे आणि मग अ‍ॅडलर व सलिव्हन यांच्या विख्यात कचेरीत तो नकाशे काढू लागला. १८८९ मध्ये कॅथरीनशी लग्न झाले आणि ओक पार्क या उपनगरात त्याने स्वतःचे घर बांधले. त्यासाठी ५,००० डॉलर दिले ते त्याचे गुरू लुई सलिव्हन यांनी, कर्जाऊ. पुढे पैसे कमी पडतात म्हणून हा शिष्य कचेरीच्या परस्पर लोकांची घरे आखून देऊ लागला. ते उघडकीस आले आणि १८९३ मध्ये दोघांचे बिनसले. राइटच्या आयुष्यातले पहिले मोठे कर्ज आणि पहिले मोठे भांडण एकाच घरापायी झाले, असे म्हणता येईल.

त्याच १८९३ साली शिकागोला जागतिक प्रदर्शन भरले होते. आपले विवेकानंद ज्या सर्वधर्मपरिषदेत बोलले, ती याच प्रदर्शनाच्या निमित्ताने भरलेली. तिथल्या तळ्यातल्या बेटावर जपानी सुतारांनी उजी येथील जुन्या फिनिक्स मंडपाच्या धर्तीवर एक लाकडी वास्तू उभारली होती. पुढे निघालेली छपरे, सरकत्या भिंती, मोकळ्या खोल्या. जपानी वस्तूंचे वेड त्या काळी अमेरिकेतल्या सुखवस्तू घरांत पसरलेच होते. राइटला ते लागले आणि मग सुटले नाही.

ही ठसाचित्रे म्हणजे काय, ते सांगितल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. जपानी भाषेत त्यांना उकियो-ए म्हणतात. आपण चित्र म्हटले की एका चित्रकाराचे, एकच, असे समजतो. इथे तसे नाही. चित्रकार पातळ कागदावर रेखाटन करतो. कोरणारा कारागीर तो कागद चेरीच्या लाकडाच्या फळीवर पालथा चिकटवतो आणि रेषा तेवढ्या उभ्या ठेवून बाकीचे लाकूड कोरून काढतो. मग प्रत्येक रंगासाठी वेगळी फळी. छापणारा तिसरा. तो फळीवर कुंचल्याने पाण्यातला रंग लावतो, ओलसर कागद वर ठेवतो आणि बांबूच्या पातीने मढवलेल्या चकतीने पाठीमागून घासतो. कागद दर वेळी नेमक्या जागी बसावा म्हणून फळीच्या कडेला खाचा असतात. आभाळ वरच्या बाजूला गडद आणि खाली फिकट होत गेलेले दिसते ना, ते छापणाऱ्याच्या हाताचे कसब. तो फळीवरचा रंग पुसून पुसून विरळ करतो. आणि या सगळ्यांच्या मागे पैसे घालणारा प्रकाशक. एकेका चित्राच्या शेकडो, हजारो प्रती निघत. एदो शहरातला साधा माणूस, म्हणजे आजच्या तोक्योचा, शेवयांच्या वाडग्याला जेवढे पैसे मोजी, तेवढ्यात त्याला असे एक चित्र मिळे.

या प्रकारात निसर्गदृश्यांना मान मिळवून दिला तो होकुसाई आणि हिरोशिगे या दोघांनी. होकुसाईची प्रचंड लाट सर्वांच्या परिचयाची आहे. राइटचा जीव मात्र जास्त जडला हिरोशिगेवर. हिरोशिगे (१७९७ ते १८५८) हा एदोतल्या आग विझवणाऱ्या दलातल्या एका अधिकाऱ्याचा मुलगा. तोकाइदो या राजमार्गावरील त्रेपन्न मुक्कामांची त्याची चित्रमालिका १८३३ च्या सुमारास निघू लागली आणि तो घरोघरी पोचला. या मालिकेत कानबारा गावची बर्फाची रात्र आहे. काळोख, पांढरी छपरे, आणि मान खाली घालून चाललेली तीन माणसे. बस्स, एवढेच. आयुष्याच्या अखेरीस त्याने एदोची शंभरावर दृश्ये काढली. त्यांत एका लाकडी पुलावर अचानक आलेल्या सरीचे चित्र आहे. पाऊस दाखवायला नुसत्या बारीक तिरप्या रेषा, आणि पुलावर पाठी वाकवून धावणारी माणसे. व्हॅन गॉगने १८८७ मध्ये त्याची तैलरंगात नक्कल केली होती. मी या चित्राची छापील प्रतिकृती प्रथम पाहिली तेव्हा मला वाटले, पाऊस असाच तर दिसतो. आपण तो असा काढायचा हे कुणाला सुचले कसे नाही?

राइटला यातून काय मिळाले? त्याच्या मते जपानी चित्रकार अनावश्यक तेवढे सारे गाळून टाकतो आणि वस्तूचा सांगाडा, तिचा आतला आकार तेवढा ठेवतो. हेच आपण घराच्या बाबतीत करायचे, असे त्याने ठरवले. १९१२ मध्ये त्याने जपानी ठसाचित्रांवर एक छोटे पुस्तकही लिहिले. त्याच्या कचेरीतून निघालेली घरांची रेखाचित्रे पाहिली तर त्यांत कडेने झाडाची फांदी डोकावते, मोठा भाग कोरा सोडलेला असतो आणि कोपऱ्यात लाल चौकोनी शिक्का असतो. हिरोशिगेचे ऋण लपत नाही.

१९०५ मध्ये कॅथरीनला आणि विलिट्स या गिऱ्हाईक दांपत्याला बरोबर घेऊन तो पहिल्यांदा जपानला गेला. देवळे, बागा पाहिल्या, आणि हिरोशिगेची शेकडो चित्रे विकत घेतली. १८६८ नंतर जपान भराभर पाश्चात्त्य वळणाचा होत चालला होता. जुन्या ठसाचित्रांना तिथे फारशी प्रतिष्ठा उरली नव्हती, आणि पॅरिस, बोस्टन, शिकागो इथे मात्र त्यांचे भाव चढत होते. स्वस्तात घेऊन महाग विकण्याजोगी ती वेळ होती. परत आल्यावर, १९०६ च्या मार्चमध्ये, शिकागोच्या आर्ट इन्स्टिट्यूटमध्ये राइटने स्वतःच्या संग्रहातल्या हिरोशिगेच्या चित्रांचे प्रदर्शन भरवले. १९०८ मध्ये तिथेच अनेक संग्राहकांच्या चित्रांचे मोठे प्रदर्शन झाले, त्याच्या मांडणीचे काम त्याच्याकडे होते. रसिक म्हणून त्याचे नाव झाले. आणि रसिकाचे नाव झाले की व्यापाऱ्याची पत आपोआप वाढते, हे त्याच्या चांगले ध्यानात आले.

घरी सहा मुले होती. किराणा दुकानदाराची उधारी थकलेली असे. चैनीच्या वस्तू आधी आणि गरजेच्या मागाहून, असा त्याचा रिवाज होता, आणि तो त्याने स्वतःच अभिमानाने लिहून ठेवला आहे. मला राग येतो तो इथे. ज्या घरात उधारीची वही भिंतीला टांगलेली असते, तिथल्या माणसाला यात गंमत वाटत नाही. दुकानदारानेही कुणाचे तरी देणे द्यायचे असते.

१९०९ मध्ये तो बायकोमुलांना सोडून, एका गिऱ्हाइकाची पत्नी मेमा बॉर्थविक हिच्यासह युरोपला निघून गेला. परतल्यावर १९११ मध्ये त्याने आजोळच्या खोऱ्यात, स्प्रिंग ग्रीनजवळ, टेकडीच्या कुशीत घर बांधले. त्याचे नाव टॅलिएसिन. कामे रोडावली होती, बदनामी झाली होती. अशा वेळी त्याला तारले ते चित्रांनी. बोस्टनचे स्पॉल्डिंग बंधू, विल्यम आणि जॉन, हे धनवान संग्राहक होते. १९१३ मध्ये राइट जपानला निघाला तेव्हा त्यांनी त्याला चित्रे आणण्यासाठी पैसे दिले. करार मोठा अजब. सुरुवातीची रक्कम २०,००० डॉलर. राइटने आपल्या मर्जीने खरेदी करावी, हवे ते स्वतःला ठेवावे आणि उरलेले, म्हणजे त्याला द्यावेसे वाटेल ते, स्पॉल्डिंगना द्यावे. दलाली नाही, हिशेब नाही. तोक्योत रोख पैसे मोजणारा परदेशी आल्याची बातमी व्यापाऱ्यांत पसरली आणि चित्रांचे गठ्ठे येऊ लागले. बोस्टनहून आणखी पैसे येत राहिले, शेवटी आकडा सव्वा लाख डॉलरच्या घरात गेला, असे राइटने आत्मचरित्रात म्हटले आहे. (रंगवून सांगण्याची त्याला सवय होती, तेव्हा आकड्यावर पैज लावू नये.) एवढे मात्र निश्चित की त्याने त्यांना फसवले नाही. अमेरिकेतल्या अत्यंत उत्कृष्ट ठसाचित्रसंग्रहांत स्पॉल्डिंग संग्रहाची गणना होते, आणि त्यातली बरीच चित्रे राइटने निवडलेली आहेत.

त्यानंतरचे वर्ष भयंकर गेले. १५ ऑगस्ट १९१४ रोजी राइट शिकागोत कामावर असताना टॅलिएसिनमधल्या एका नोकराने घराला आग लावली आणि बाहेर पळणाऱ्यांवर कुऱ्हाड चालवली. मेमा, तिची दोन मुले आणि आणखी चौघे, असे सातजण मारले गेले. राइटने घर पुन्हा बांधले. याविषयी अधिक लिहिण्याची माझी तयारी नाही.

१९१६ च्या अखेरीस तोक्योच्या इम्पीरियल हॉटेलच्या कामासाठी तो जपानला गेला आणि १९२२ पर्यंतचा पुष्कळसा काळ तिथेच राहिला. हॉटेलचे मानधन एका हाताने येई आणि दुसऱ्या हाताने चित्रांत जाई. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाने त्याच्याकडून शेकडो चित्रे घेतली ती याच काळात. काही वर्षी तर वास्तुकलेपेक्षा चित्रांच्या व्यापाराने त्याला जास्त मिळवून दिले.

आणि इथेच त्याने सपाटून मार खाल्ला. या चित्रांतले काही रंग फार नाजूक. वनस्पतींपासून काढलेला निळा आणि तांबडा उजेडात उडून जातो. म्हणून लिलावात किंमत ठरते ती चित्र कोणते यावर जितकी, तितकीच प्रत कोणती यावर. ठसे नवे असताना काढलेल्या पहिल्या प्रतींत रेषा कापल्यासारखी धारदार असते. मागाहूनच्या प्रतींत फळी झिजलेली दिसते. कडा छाटलेल्या आहेत का, कसरीने खाल्ले आहे का, मागून कागद चिकटवला आहे का, हे सारे पाहिले जाते. ताजे रंग असलेली जुनी प्रत म्हणजे सोने. तेव्हा तोक्योतल्या लबाड कारागिरांनी शक्कल काढली. खऱ्या जुन्या, पण रंग उडालेल्या प्रती घ्यायच्या, नवे ठसे कोरून त्यांच्यावरच पुन्हा रंग चढवायचा. कागद अस्सल, रेषा अस्सल, रंग तेवढा नवा! राइटने अशी पुष्कळ चित्रे घेतली आणि अमेरिकेत संग्राहकांना विकली. कागद जुळवताना टोचलेल्या टाचणीच्या सूक्ष्म भोकांवरून चोरी पकडली गेली. गिऱ्हाइके संतापली. राइटला ठाऊक होते की काय, असाही संशय घेतला गेला. त्याने ती चित्रे परत घेतली आणि बदली पैसे व स्वतःच्या संग्रहातली चांगली चित्रे दिली. उधारीच्या बाबतीत बेफिकीर असणारा हा माणूस चित्रांच्या बाबतीत मात्र भरपाई करून मोकळा झाला. यावरून त्याला लाज कशाची वाटत होती ते कळते.

इम्पीरियल हॉटेल १ सप्टेंबर १९२३ च्या महाभूकंपात थोडेफार नुकसान सोसून उभे राहिले आणि राइटची कीर्ती जगभर झाली. पण कीर्तीने हप्ते फिटत नाहीत. १९२५ च्या एप्रिलमध्ये टॅलिएसिनला विजेच्या तारांतून दुसऱ्यांदा आग लागली. राहता भाग आणि तिथल्या कितीतरी जपानी वस्तू जळाल्या. पुन्हा बांधणी, पुन्हा कर्ज. दुसरी पत्नी मिरियम नोएल हिच्याशी कोर्टकज्जे सुरू होते. ओल्गिवान्ना हिच्यासह राहत असताना १९२६ मध्ये त्याला मिनेसोटात अटकही झाली, मग खटला काढून घेण्यात आला. बँक ऑफ विस्कॉन्सिनने गहाणावर बोट ठेवले. आणि ठसाचित्रे न्यूयॉर्कच्या लिलावगृहात पोचली.

आमच्याकडे लिलाव म्हटला की बाजार समितीत कांद्याची ट्रॉली उभी असते आणि माल ज्याचा तो शेतकरी एका बाजूला गप्प राहून आकडा ऐकतो. दुसरा लिलाव असतो जप्तीचा. तो पाहायला कोणी थांबत नाही. कलावस्तूंचा लिलाव म्हणजे धनिकांचा खेळ असे मी धरून चाललो होतो. राइटचा हा लिलाव वाचल्यावर कळले की तो जप्तीच्या लिलावाचाच भाऊ आहे. तिथेही माल पिकवणारे तिघे, म्हणजे चित्रकार, कोरणारा आणि छापणारा, भावाच्या गणितात कुठेच नसतात. दोन दिवसांत सुमारे ३७ हजार डॉलर जमले. अपेक्षा याहून कितीतरी मोठी होती. त्यातून लिलावगृहाचे कमिशन गेले, उरलेले देणेकऱ्यांकडे. एवढे होऊनही कर्ज फिटले नाही, आणि टॅलिएसिन काही काळ त्याच्या हातून गेले ते गेलेच. १९२८ मध्ये मित्रांनी आणि जुन्या गिऱ्हाइकांनी भांडवल उभारून त्याला ते परत मिळवून दिले.

पण खरी कमाल पुढे आहे. बँकेच्या ताब्यात राइटची आणखी हजारो ठसाचित्रे होती. बँकेला त्यांचे काय करावे समजेना. मॅडिसनच्या विद्यापीठात एडवर्ड बर व्हॅन व्ह्लेक नावाचे गणिताचे प्राध्यापक होते. त्यांना या चित्रांचा नाद होता. त्यांनी ती बँकेकडून घेतली, एक डॉलरला एक या दराने! लिलावात बोली बोलणारे लोक जमवावे लागतात, सूची छापावी लागते, मालाचे गुण सांगावे लागतात. तेव्हा कुठे भाव येतो. बँकेने यातले काही केले नाही, आणि राइटच्या आयुष्याची निवड रद्दीच्या मोलाने गेली. मला प्राध्यापकांचा हेवा वाटतो आणि राइटची कीव येते; दोन्ही एकदम.

राइट मात्र खचणाऱ्यांतला नव्हता. १९३२ मध्ये त्याने टॅलिएसिनमध्ये शिष्यांचा आश्रमच काढला. धबधब्यावरचे घर, जॉन्सन वॅक्स कंपनीची कचेरी ही कामे यानंतरची, म्हणजे साठीच्या पुढची. आणि चित्रे? ती त्याने पुन्हा जमवायला सुरुवात केली! संध्याकाळी शिष्यांना भोवती बसवून तो एकेक चित्र पुढे मांडी आणि बोलत राही. नाताळात शिष्यांना अस्सल ठसाचित्रे भेट देई. व्यापारी म्हणून ज्याने इतके सोसले, त्याला हे फुकट वाटून टाकणे कसे जमले असेल? मला वाटते, विकतानादेखील चित्रे आपली राहिलेली आहेत असेच तो समजत असावा.

९ एप्रिल १९५९ रोजी अ‍ॅरिझोनात तो वारला. त्या वेळीही त्याच्यापाशी हजारो जपानी चित्रे होती. गुगेनहाइम संग्रहालय उघडले ते त्यानंतर सहा महिन्यांनी.

त्याच्या हातून गेलेल्या चित्रांचे पुढे काय झाले? स्पॉल्डिंग बंधूंनी आपला सहा हजारांवर चित्रांचा संग्रह १९२१ मध्ये बोस्टनच्या ललित कला संग्रहालयाला दिला, तो एका अटीवर : रंग उडू नयेत म्हणून ही चित्रे प्रदर्शनात कधीही मांडायची नाहीत. त्यामुळे शंभर वर्षांनंतरही त्यांचे रंग ताजे आहेत, आणि लोक पाहतात ती त्यांची छायाचित्रे. बाजारात तर आता वेगळेच युग आले आहे. २०२३ च्या मार्चमध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात होकुसाईच्या लाटेची एक चांगली प्रत २७ लाख ६० हजार डॉलरला गेली. प्राध्यापक व्हॅन व्ह्लेक यांच्या वारसांनी डॉलरवारी घेतलेली ती चित्रे विकली नाहीत. ती मॅडिसनच्या विद्यापीठाच्या संग्रहालयाला दिली. आज तो चार हजारांवर चित्रांचा संग्रह चेझन संग्रहालयात आहे, टॅलिएसिनपासून मोटारीने तासाभराच्या वाटेवर.